बुटातला शेपू

लग्नाच्या सकाळी आईनं माझ्या डाव्या बुटात चिमूटभर शेपूचं बी टाकलं. नवरीच्या बुटात शेपू असला की सासरी तिचंच चालतं, असं आमच्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या बायका मानतात. चर्चमधून आल्यावर बी झटकून टाकायचं असतं. मी ठरवलं, राहू दे आठवडाभर! (मला बोलायला फारसं जमत नाही. निदान बुटानं तरी बोलावं.)

कारण सासरी आम्हाला मिळाली होती मागची खोली. तीन पायऱ्या चढून जायचं आणि खिडकी उघडली की समोर डुकरं. रस्त्याकडची उन्हाची खोली सासूबाईंची. त्यांना संधिवात. डावा पाय ओढत चालायच्या, त्यामुळे त्यांच्यापुढे घरात कोणी ब्र काढत नसे.

दुसऱ्या दिवशी मी पाणी आणायला निघाले आणि बी असं टोचलं की लंगडलेच.

"अगं, पाय मुरगळला का?" माझा नवरा मिश धावत आला.

"काही नाही हो," मी म्हटलं. (खोटं कुठे बोलले?)

त्यानं बादल्या हिसकावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी डुकरांचं खाणं त्याच्याकडे, भांडी त्याच्याकडे. चौथ्या दिवशी सासरे गरजले, "त्या पोरीला पायऱ्या कसल्या चढायला लावता?" आणि संध्याकाळी माझा पलंग रस्त्याकडच्या खोलीत, सासूबाईंचा स्वयंपाकघरात! मी पिसांच्या उशीत तोंड खुपसून हसले. चिमूटभर शेपूनं किल्ला सर केला होता.

पण एव्हाना टाचेला घट्टा पडला होता. लंगडायचं आता आठवणीनं करावं लागे.

सकाळी सासूबाई दारात उभ्या. "सूनबाई, काल डावा पाय दुखत होता. आज उजवा?"

मी घाईघाईनं डावा पाय उचलून धरला.

"काढ तो बूट."

काढला. बी जमिनीवर सांडलं. गेली खोली, मला वाटलं. डुकरांचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला.

सासूबाई पोट धरून हसत सुटल्या. "चार दिवसांत खोली! मला अकरा वर्षं लागली गं. ठेव तुलाच."

मग पलंगावर टेकून त्यांनी आपला डावा बूट काढला आणि माझ्या ओंजळीत उलटा केला. शेपू!

"दर वसंतात नवं बी घालायचं असतं, नाहीतर टोचत नाही," त्या म्हणाल्या. "जा, हे बागेत पेर. येताना पाणी आण, डुकरांना घाल आणि मला कॉफी दे. तुझा पाय बरा झालाय ना? माझा अजून दुखतोय."