एकेचाळीस सेकंदांचा प्रकल्प

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका नव्या सोसायटीच्या नवव्या मजल्यावर राहणाऱ्या विश्वजीत या सॉफ्टवेअर डेव्हलपरकडे त्याच्या वडिलांनी, म्हणजे हिंदुरावांनी, सुमारे तीन वर्षांपूर्वी एक काम सोपवलं. हिंदुरावांच्या जुन्या फोनमध्ये सरुबाईंचा एक कॉल आपोआप रेकॉर्ड होऊन राहिला होता, तो दुसरीकडे उतरवून ठेवायचा. सरुबाई म्हणजे विश्वजीतची आई. त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. कॉल एकेचाळीस सेकंदांचा होता आणि त्यात त्या नवऱ्याला सांगत होत्या, "अवं, मोटार बंद करा, टाकी वाहतीया. आन् पयल्या रिंगला फोन उचलत जावा की, शोभंला घेतलाय व्हय?" हिंदुराव हा कॉल रोज संध्याकाळी एकदा ऐकत.

"फोनची बॅटरी फुगाय लागलीया," ते म्हणाले. "ती फुटायच्या आत तेवढं काढून दे."

सुनेनं, शेफालीनं, शनिवार पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या बद्रीनाथांना विचारून घेतलं. "दहा मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "गप्पा मारणार असाल तर वीस."

विश्वजीतला हा अपमान वाटला. "बारा वर्षं मी या क्षेत्रात आहे. आईचा डेटा मी थर्ड पार्टीला देऊ? आपण सिस्टिम बनवू."

पुढच्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर प्रकल्पाची पहिली बैठक झाली. प्रकल्पाला 'सरुवाणी' असं नाव देण्यात आलं आणि लोगोला दीड महिना गेला.

"आबा, तुमची नेमकी अपेक्षा काय?" विश्वजीतनं विचारलं.

"तिचा आवाज ऐकायचाय."

"एका वेळी किती युजर ऐकतील?"

"मी एकलाच."

"आणि उद्या वाढले तर?"

हिंदुरावांनी सुनेकडे पाहिलं. शेफालीनं ताटं उचलली. विश्वजीतनं लॅपटॉपवर नोंद केली : एका वेळी दहा हजार.

त्यानंतर रोज सकाळी नऊ वाजता उभ्यानं बैठक होऊ लागली. कामात चपळाई राहावी म्हणून ही बैठक उभ्यानंच घ्यायची असते. हिंदुरावांचा गुडघा दुखत असल्यामुळे ते भिंतीला टेकून उभे राहत. काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, अशी तीन उत्तरं प्रत्येकानं द्यायची.

"काल बसलो हुतो," हिंदुराव म्हणाले. "आज बसनार. अडचण तू."

दहा हजार लोकांना एका वेळी सरुबाई ऐकवायच्या तर जुना लॅपटॉप पुरणार नव्हता. नवा आला. नव्या लॅपटॉपला शोभेल असा मॉनिटर आला आणि मॉनिटर जुन्या टेबलावर मावेना म्हणून वर-खाली होणारं टेबल आलं. मग एक कीबोर्ड आला. त्याचा खडखडाट इतका होता, की हिंदुरावांना स्वतःच्या फोनमधली बायको ऐकू येईना. निम्मं काम झाल्यावर विश्वजीतच्या ध्यानात आलं, की ज्या भाषेत आपण प्रोग्रॅम लिहितो आहोत ती आता कुणी वापरत नाही. सगळं पुन्हा लिहायला घेतलं.

"अरे, आधी तो कॉल कॉपी तरी करून घे," शेफाली म्हणाली. "केबल लावायची आहे फक्त."

"ते लिस्टमध्ये आहे. सत्तेचाळीस नंबरला. सोपं काम आहे, शेवटी करतात."

मात्र त्यानं एक खबरदारी घेतली. रोज वाजवून फोनची बॅटरी दगा देईल, सबब मूळ प्रत सुरक्षित राहावी म्हणून फोन आबांकडून काढून घेऊन आपल्या खणात ठेवला. "थोडे दिवस," तो म्हणाला. हिंदुरावांनी चौदा महिने सरुबाईंचा आवाज ऐकला नाही. संध्याकाळी ते खुर्चीत बसत आणि रिकामा हात कानाशी नेऊन परत खाली घेत. म्हातारा माणूस पोराच्या हुशारीपुढे काय बोलणार?

यंदा चाचणीसाठी नवा फोन घेणं भाग पडलं. सेल लागला होता आणि जुना फोन, कुठल्याही अवस्थेतला, दिल्यास दर फोनमागे जादा सूट होती. खणात सहा जुने फोन निघाले. कुणाच्या हाती आपली माहिती पडू नये, याबाबतीत विश्वजीत काटेकोर होता. सहाही फोन एकदम पुसून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यानं वीस मिनिटांत लिहिला. तो पहिल्याच फटक्यात चालला. त्याच्या कारकिर्दीत वेळेत पूर्ण झालेला हा एकमेव प्रकल्प.

सरुबाईंच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला 'सरुवाणी'चं उद्घाटन झालं. नैवेद्य दाखवून झाल्यावर हिंदुरावांनी पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं. एक सुरेख वर्तुळ फिरलं आणि अक्षरं उमटली : 'कृपया फाइल जोडा.'

"सत्तेचाळीस नंबर," विश्वजीत पुटपुटला आणि खणाकडे गेला. खण रिकामा होता. तो तसाच उघड्या खणापुढे उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून शेफालीला सगळं कळलं, आणि तिनं ते आबांना सांगितलं.

हिंदुराव उठून खणापाशी आले. मग म्हणाले, "सबूद समदे पाठ हायती मला. मोटार बंद करा, टाकी वाहतीया. पर आवाज ऱ्हात न्हाई रं ध्यानात."

विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं.

"जाऊ दे," त्याच्या पाठीवर हात ठेवत हिंदुराव म्हणाले. "मी म्हनून दावतो, ती कशी म्हनायची ते. तेवढं तरी तुज्या फोनात घे. माजं बी काय सांगता येतंय?"

विश्वजीतनं डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि क्षणभर थांबला.

"आबा, या फोनचा माइक बरोबर नाही. एक चांगला मागवतो. मग करू."

माइक मंगळवारी यायचा आहे. तोवर वाचकांनी हसून घ्यावं. हसून झालं, की आपल्या घरच्यांचे आवाज आपण नेमके कुठे ठेवले आहेत, तेही एकदा पाहावं. जमल्यास आजच, कारण उद्यापासून पुन्हा सेल आहे.