सदतिसाव्या पानावरची खूण

मी आमच्या पोर्ट ॲल्डरच्या वाचनालयात सहायक म्हणून लागलो, तेव्हा तिथल्या खुनांची व्यवस्था अत्यंत वाईट होती. सहाशे अकरा रहस्यकादंबऱ्या, आणि लावलेल्या कशा, तर लेखकाच्या आडनावाप्रमाणे. जणू खून लेखकानंच केलाय. खुनाच्या मुळाशी हेतू असतो आणि पुस्तकं हेतूप्रमाणेच लावायला हवीत, हे आख्ख्या नोव्हा स्कोशिया प्रांतात माझ्याआधी कुणाला सुचलं नव्हतं. का सुचलं नव्हतं, ते पुढे कळलं.

"लायल, ही सगळी वाचलीस तू?" आमच्या ग्रंथपाल झ्विकरबाईंनी विचारलं.

"शेवटची वीस-वीस पानं वाचतो. हेतू तिथेच असतो."

निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस जसा चष्मा पुसतो, तसा त्यांनी तो पुसला. "कर बाबा," म्हणाल्या.

मी पाच कप्पे केले. इस्टेट, मत्सर, सूड, जुनं पाप झाकणं आणि इतर. 'इतर'मध्ये शेजाऱ्याच्या बॅगपाइपला कंटाळून खून करणारा एक निवृत्त पोस्टमन होता. त्याचा मला काही केल्या राग येईना.

हे करताना लक्षात आलं, की बहुतेक पुस्तकांच्या सदतिसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं काहीतरी गिरगटलंय. लोकांना सार्वजनिक वस्तूंची किंमत नाही! मी खोडरबर घेतला आणि सगळं पुसून काढलं. चार खोडरबर संपले. खूश होऊन झ्विकरबाईंनी दाराशेजारी माझा फोटो लावला.

दुसऱ्याच दिवशी एक कोळी पुस्तक परत घेऊन आला. "इस्टेटीच्या कप्प्यातून नेलं. तिसऱ्या पानावर पुतण्या आला. मिटलं मी पुस्तक."

मी ते मनावर घेतलं नाही. गुरुवारी घरपोच पुस्तकं द्यायची असतात, म्हणून मी कॉर्कमबाईंकडे गेलो. वय चौऱ्याऐंशी, घर धक्क्याजवळ. त्यांनी पिशवीतलं पहिलं पुस्तक काढलं, भिंग घेतलं आणि थेट सदतिसावं पान उघडलं.

"खूण नाही. म्हणजे हे वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग पहिल्याकडे परत आल्या. "पण हा बोटीतला दंतवैद्य मला आठवतोय. पोरा, माझी खूण कुठाय?"

"कसली खूण?" मी विचारलं. मला माहीत होतं कसली ते.

"वाचून झालं की मी करते. तीस वर्षं करतेय. नावावरून काय कळणार? सगळ्यांत कुठेतरी प्रेत असतंच. डॉक्टर म्हणतोय, डोळे फार तर नाताळपर्यंत. वाचलेलंच परत वाचत बसायला मला वेळ नाही रे."

"वाचनालयानं सध्या स्वच्छता मोहीम..."

"वाचनालयानं?"

"मी."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काकवीच्या बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मी बिस्कीट खाल्लं, हेही सांगून टाकतो. दोन खाल्ली.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सातला वाचनालयात. पेन्सिल पुसली गेली होती, पण कॉर्कमबाई दाबून लिहितात. पूर्वेच्या खिडकीतल्या तिरप्या उन्हात पान धरलं, की कागदावरचा खळगा दिसायचा. त्यावरून मी पुन्हा पेन्सिल फिरवायचो. पाच आठवडे चाललं हे. ज्या खुणा पुसल्याबद्दल माझा फोटो लागला होता, त्याच मी चोरून काढत बसलो होतो, त्याच फोटोसमोर.

खुणा तीन प्रकारच्या निघाल्या. फुली, त्रिकोण आणि गोल. मी कॉर्कमबाईंना विचारलं.

"फुली म्हणजे खून लोभापायी. त्रिकोण म्हणजे प्रेमापायी. तिसरं कारण मला तरी सापडलं नाही. तू किती कप्पे केलेस?"

"पाच," मी पुटपुटलो. "आणि गोल?"

"मेलेला माणूसच असा, की खुन्याला हेतू विचारायची गरज नाही."

खूण नसलेली पुस्तकं एकोणचाळीस निघाली. यादी वाचून दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मग आधी जाडजूड असतील ती आण," म्हणाल्या. पुस्तकं मी पुन्हा आडनावाप्रमाणे लावली. पोस्टमनला निरोप देताना वाईट वाटलं.

झ्विकरबाईंच्या निरोप समारंभाला कॉर्कमबाई स्वतः आल्या. मला म्हणाल्या, "चांगलं काम केलंस हो पोरा." मला भरून आलं. त्या गेल्यावर मी केकच्या बशा उचलत दारापर्यंत पोचलो आणि सहज माझ्या फोटोकडे पाहिलं.

खालच्या कोपऱ्यात, चांगला दाबून काढलेला गोल.

तो अजून तिथेच आहे. खोडरबर माझ्याकडून काढून घेतलाय.