आर्डिथच्या डिस्कचा निकाल

संगणकाने सुरू होता होता स्वतःहून डिस्क तपासायला घेतली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. आर्डिथने नवऱ्याला पडद्यासमोर बसवलं. "वेन्डेल, शेवटी निकाल येईल तो वाच. लगेच पुसला जातो म्हणे."

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या छोट्या गावातल्या चर्चचं हे शंभरावं वर्ष. त्यानिमित्त पाककृतींचं पुस्तक निघणार होतं. महिला मंडळाच्या दोनशे बारा कृती आर्डिथने हिवाळाभर बसून टाइप केल्या होत्या. सगळ्या त्याच डिस्कवर. दुसरी प्रत नव्हती, बायकांनी हाताने उतरवून दिलेले कागद कधीच चुलीत गेले होते, आणि छापखान्याचा माणूस शुक्रवारी दारात उभा राहणार होता.

वेन्डेल वीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून बसला. मग बाहेर पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांवर खार चढलेली दिसली. त्याने उठून खिडकीची काच ठोठावली. वळून बघतो तर संगणक नेहमीसारखा सुरू.

"काय आलं?" आर्डिथने विचारलं.

"आलं होतं काहीतरी."

"चांगलं की वाईट?"

"बरंच लांबलचक होतं," वेन्डेल विचार करून म्हणाला. "चांगली बातमी एवढी लांबत नाही."

आर्डिथने बहिणीला फोन लावला. आयलीन शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं संगणकांशी भांडून निवृत्त झाली होती. इकडे वेन्डेलला अपराधी वाटत होतं. त्याने आपल्या मोबाइलवरून मंडळाच्या अध्यक्ष व्हर्नाला कळवलं, "डिस्क बहुतेक गेली." व्हर्नाला कळलं म्हणजे गावाला कळलं.

"निकाल पुसला जात नाही गं," आयलीन म्हणाली. "इव्हेंट व्ह्यूअर उघड, संगणकाची नोंदवहीच ती. त्यात अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदी बघ. विनइनिट नावाची ओळ शोध."

आर्डिथने उघडलं. हजारो ओळी, आणि जागोजागी लाल खुणा. "आयलीन, इथे नुसता रक्तपात आहे."

"तो सगळ्यांच्याच घरी असतो. तू खाली जात राहा."

तासाभरात ती निम्म्यावर पोचली असेल, तोच व्हर्ना धापा टाकत आत आली. हातात बिस्किटांचा मोठा डबा. "पुन्हा कागदावर उतरवून घ्यायला वेळच नव्हता. दारोदार फिरून प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातली मूळ कार्डंच उचलून आणली. कर बाई पुन्हा टाइप." डबा टेबलावर ठेवून ती वेन्डेलकडे कॉफी मागायला आत गेली.

आणि आर्डिथला ती ओळ सापडली. लांबलचक मजकुराच्या अखेरीस लिहिलं होतं: डिस्कमध्ये कोणताही दोष आढळला नाही.

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. डबा परत द्यायला उचलला, तर वरचंच कार्ड व्हर्नाच्या बटर टार्टचं. तेलकट, कोपरे झिजलेलं. शेवटून दुसऱ्या ओळीत 'एक चमचा व्हिनेगर'.

आर्डिथने डिस्कवरची कृती उघडली. व्हिनेगरचा पत्ता नव्हता. व्हर्नाने दिलेल्या याच कृतीने अकरा वर्षं आर्डिथचे टार्ट न आळता पाक पाक होत होते, आणि अकरा वर्षं व्हर्ना मायेने म्हणत होती, "हाताला गुण असावा लागतो गं."

तिने पुढचं कार्ड काढलं. हिल्डाच्या पावात बटाट्याचं पाणी होतं; डिस्कवर तेही नव्हतं. त्याच्या पुढचं काढलं. मग खुर्ची पुढे ओढून घेतली.

"सापडला का निकाल?" आतून व्हर्नाने विचारलं.

"शोधतेय अजून," आर्डिथ म्हणाली आणि पहिल्या कार्डापासून टाइप करायला लागली.