दुखण्याआधीचं दुखणं

मुलाखतीला बसायची वेळ झाली आणि घरातलं इंटरनेट गेलं. संशोधकबाईंनी राउटरची वायर काढून लावली, त्याला गदागदा हलवलं, शेवटी हात जोडले. दिवा लाल तो लालच.

मुलाखत साधीसुधी नव्हती. मेंदूवर काम करणाऱ्या नवोदित संशोधकांसाठीची फेलोशिप होती ती. मिळाली तर स्वतःचे प्रयोग सुरू. हुकली तर सगळंच अवघड, कारण पुढच्या वर्षी बाई नियमाप्रमाणे नवोदित उरणार नव्हत्या आणि अनुभवी तर अजून झाल्याच नव्हत्या.

"वहिनी, माझ्या दवाखान्यात ये," नणंद फोनवर म्हणाली. ती दातांची डॉक्टर, दवाखाना समोरच्याच इमारतीत. "दुपारी चिटपाखरू नसतं इथे."

बाई लॅपटॉप कवटाळून धावल्या. नणंदेने तो हत्यारांच्या ट्रेवर ठेवून दिला. पडद्यावर समिती उगवली. बाईंनी धाप गिळून विषय मांडला : दुखणार, दुखणार अशी धास्ती घेतली की मेंदू दुखणं वाढवतो, ते कमी कसं करायचं?

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण सामान्य माणसाला याचा उपयोग काय?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. गाल धरून एक धिप्पाड बसड्रायव्हर आत आला आणि सरळ खुर्चीत आडवा झाला.

"डॉक्टर, काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

नणंदेने वहिनीकडे केविलवाणं पाहिलं. पण दुखणाऱ्या माणसाला परत कसं पाठवणार? तिने सुई भरली. ती पाहताच ड्रायव्हरने अशी बोंब ठोकली की समितीतल्या एक बाई खुर्चीत दचकल्या.

"अजून टोचलंही नाही हो!" नणंद म्हणाली.

"पण टोचणार ना!"

संशोधकबाईंना राहवेना. "एक मिनिट हं, सर," म्हणून त्या ड्रायव्हरजवळ गेल्या. "दादा, तुमच्या रस्त्यावरचं सगळ्यात अवघड वळण कुठलं?"

"वळण? मोठ्या हॉस्पिटलच्या मागचं. त्यात लोक स्कूटर आडव्या लावतात!"

"मग बस कशी काढता?"

ड्रायव्हर पेटला. आरसे, ब्रेक, स्कूटरवाल्यांचं खानदान, सगळं आलं. सुई कधी टोचली ते कळलं नाही. जीभ जड झाली तसा तो हातांनीच स्टिअरिंग फिरवत राहिला, आणि वळण पार होईस्तोवर दात बाहेर.

बाई परत पडद्यासमोर आल्या. "वेळ संपली," अध्यक्ष कोरडेपणाने म्हणाले आणि पडदा काळा झाला.

बाई मटकन बसल्या. "गेलं सगळं."

"माझ्यामुळे," नणंद रडवेली झाली. ड्रायव्हरही तोंडात कापूस धरून ओशाळा उभा.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "अभिनंदन. फेलोशिप तुम्हाला दिली आहे."

बाईंनी भिंतीला टेकून सोडलेला श्वास बहुधा पलीकडेही ऐकू गेला असावा.

"प्रात्यक्षिक उत्तम होतं," ते पुढे म्हणाले. "फक्त एक सूचना. रुग्णाचं काम करणाऱ्या गृहस्थांना जरा आवरायला सांगा. अभिनय फार भडक झाला."

"सर, तो अभिनय नव्हता. दात खरंच काढला."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला.

"डॉक्टरबाई उद्या असतात का हो?"