जयनगरची उजवी बाजू

आमच्या श्रीपतअण्णांना इकोच्या खोलीत झोपवलं, छातीवर ते गारगार जेल फासलं, मशीनमधून त्यांच्या हृदयाचा ढप्प-शूऽऽ, ढप्प-शूऽऽ असा आवाज यायला लागला, आणि अण्णा ताडकन उठून बसले!

"अय्यो! हे माझं? स्वल्प आवाज वाढवा की!"

"सर, झोपा," टेक्निशियन.

"झोपतो हो. पण बाहेर बायको बसलीय, तिला बोलवा. इतकी वर्षं संसार केला, तिने पण ऐकलं नाहीये हे."

अक्का आली. मी पण घुसले. मी म्हणजे त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. मूळची नाशिकची, नोकरी बंगळूरच्या महादेवपुऱ्यात, आणि 'घरमालक मराठी आहेत' एवढ्यावर जयनगरला राहायला आलेली. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये जातात, पण अण्णांसाठी वर्थ आहे, खरंच!

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. झडप खराब झालीय, ऑपरेशन झेपणार नाही, कधीही काहीही होऊ शकतं. अक्काने पदर तोंडाला लावला. अण्णा मात्र पुढे सरकले.

"डॉक्टर, माझं टेलरिंगचं दुकान होतं. मशीनला सारखं तेल द्यायला लागायचं. आणि हे आतलं? थेंबभर तेल नाही, एक दिवस सुट्टी नाही! आश्चर्य नाही का?"

डॉक्टरांचा हात हळूच स्वतःच्या छातीवर गेला, मी पाहिलं!

त्या दिवसापासून अण्णांचं आश्चर्य वाढतच गेलं. एकदा घरूनच माझी मीटिंग चालू होती आणि खालून हाक, "पुट्टी! अर्जंट!" (पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी. मी सत्तावीसची आहे.) लॅपटॉपसकट धावले, कॅमेरा चालूच. अण्णा अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलेले, हातात एक उघडी शेंग, आत हिरवी अळी.

"बघ ग! आख्खं घर खात खात चाललीय. बाहेर बंगळूर आहे हे तिला माहीतच नाही. आपल्याला पण माहीत नसेल, बाहेर काय आहे ते."

लॅपटॉपमधून माझा मॅनेजर म्हणाला, "जरा जवळ धरायला सांग ना."

इकडे अक्का आटत चाललेली. अण्णा दुपारी झोपले की ती त्यांच्या नाकाखाली बोट धरायची. अण्णा एक डोळा उघडायचे, "आहे, आहे. चालू आहे." आणि तिने घराबाहेर पडणंच बंद केलं. दूध, भाजी, सगळं मी ॲपवरून मागवायचे.

एका सकाळी अण्णा अक्काला म्हणाले, "सरू, जा, आज भाजी तू आण."

"मला रस्ता नाही माहीत."

"जयनगरात म्हातारी झालीस आणि रस्ता नाही माहीत?"

तेव्हा कळलं. अक्का जन्मभर अण्णांच्या स्कूटरवर मागे फिरली. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून, तोंड कायम डावीकडे! त्यामुळे तिला प्रत्येक रस्त्याची फक्त डावी बाजू माहीत होती. मी म्हटलं, "अक्का, येताना दुसरी बाजू दिसत असेल ना?" तर म्हणे, "सगळे वन-वे, पुट्टी. येताना दुसराच रस्ता."

अण्णांना केवढा आनंद! "म्हणजे अर्धं जयनगर तुझं बघायचंच राहिलंय! नशीबवान आहेस, मेल्या माणसाला पण हेवा वाटेल!"

"मेल्याबिल्याचं बोलू नका. मी गेले आणि मागे तुम्हाला काही झालं तर?"

"तर तू आल्यावर सांगेन."

"कसं सांगणार हो?"

"पुट्टी सांगेल. सरी, ठीक आहे? जा आता."

अक्का पिशवी घेऊन निघाली. अण्णा फाटकातून ओरडतायत, "उजवीकडे बघ! उजवीकडे!" समोरचे लोक पण उजवीकडे बघायला लागले.

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि अण्णा आत येऊन बसले. मी अवरेकाईचा विषय काढला, तर लक्षच नाही.

"फोन करू तिला?" मी विचारलं.

"नको. रस्त्यात फोन घ्यायला जाईल." मग फाटकाकडे बघत, "रस्ता ओलांडताना ती डोळे मिटते ग. माझा शर्ट धरते."

"घाबरलात अण्णा?"

"माझं काय, मला पुढे काय आहे ते बघायचंय. खरंच बघायचंय. भीती पण वाटते. दोन्ही एकदम वाटतं, हे मला आत्ता ह्या वयात कळतंय, बघ." त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट. "पण ती सगळीकडे माझ्या मागे बसून आली. आता मी जिथे जाणार ना पुट्टी, तिथे मागची सीट नाही."



फाटक वाजलं. अण्णांनी मनगट सोडलं. अक्का आत आली, घामाघूम, पिशवी रिकामी, चपला हातात!

"अय्यो, काय झालं?"

"अहो, त्या शाळेच्या पुढे उजव्या हाताला एक झाड आहे. नुसतं गुलाबी! पान एक नाही. आणि खाली सगळा रस्ता फुलांनी भरलेला. तुडवायला कसंतरी वाटलं, मग चपला काढल्या. भाजी राहिलीच बघा."

ह्या माणसाने त्या झाडाखालून रोज स्कूटर नेली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "असं? कुठे ग हे?"

"तुम्हाला माहीत नाही?" अक्का त्यांच्या शेजारी टेकली. "हे बघा, इथून निघालं की सरळ जायचं. सिग्नलला घाबरायचं नाही. मग..."

आणि ती त्यांना रस्ता समजावून सांगायला लागली.