शुक्रवारचं बोट

टिपणिसांच्या घरात तीन मतं होती आणि गेली अकरा वर्षं ती तिन्ही एकाच चिन्हावर पडत आली होती. निवडणूक जाहीर झाली की भाऊ जेवताना चिन्ह सांगत, त्यांचा मुलगा त्र्यंबक मान हलवी आणि सून सुमती आमटी वाढी. अठ्ठ्याण्णवच्या लोकसभेला मात्र त्र्यंबकने मान हलवली नाही.

"ह्या वेळी मी तुमच्या पक्षाला देणार नाही, भाऊ," तो म्हणाला. "दोन वर्षांत दुसऱ्यांदा इलेक्शन लागलंय. कोणामुळे?"

भाऊंच्या मते ते त्र्यंबकच्या पक्षामुळे लागलं होतं. त्या क्षणापर्यंत त्र्यंबकला पक्ष नव्हता. आमटी निवेपर्यंत त्याला तो मिळाला होता. वडील एकीकडे, मुलगा दुसरीकडे, त्यामुळे घराचं बहुमत सुमतीकडे आलं. अकरा वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, की तुझं काय मत आहे. दोघांनी एकदमच विचारलं आणि उत्तराला न थांबता आपापलं सांगायला सुरुवात केली.

सुमती कल्याणच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिने दोघांकडून कारणं मागितली. त्र्यंबकने भाऊंच्या पक्षाविरुद्ध पाच दिली, भाऊंनी त्र्यंबकच्या पक्षाविरुद्ध सात. तिने ती वहीत लिहून काढली. एकूण बारा निष्कर्ष होते आणि निरीक्षण एकही नव्हतं. बारावीच्या जर्नलमध्ये तिने हे पान परत केलं असतं.

पुढचे तीन आठवडे ठाण्यात खोपटमधल्या त्या दोन खोल्यांत प्रचार चालला. भाऊ गणिताचे निवृत्त शिक्षक. ते लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचत. चुकीच्या आकड्यावर फुली मारत, आणि काही बरोबर वाटलं तर त्याखाली बारीकशी बरोबरची खूण करत. फुल्या रोज पंधरा-वीस होत, खूण महिन्यातून एखादी. आता ते फुल्यांसकट मोठ्याने वाचू लागले, तेही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून. त्र्यंबकने फ्रिजला स्टिकर लावला. भाऊंनी त्यावर दुसरा लावला. फ्रिजचं दार जड लागायला लागलं.

मतदान सोमवारी होतं. आदल्या गुरुवारी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कोणीतरी सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीचं बूच नीट लावलं नाही आणि बाटली उचलताना दोन थेंब सुमतीच्या डाव्या तर्जनीवर ओघळले. ते पाण्यासारखं दिसतं, म्हणून तिच्या लक्षात आलं नाही. उन्हातून घरी येईपर्यंत बोट तपकिरी झालं आणि शुक्रवारी सकाळी नखापासून पेरापर्यंत काळं.

सात वाजता ती चहा देत असताना भाऊंनी ते पाहिलं.

"झालं वाटतं तुझं मत? ड्यूटीवाल्यांचं आधी घेतात, ते ठाऊक आहे मला."

तिला निवडणुकीची ड्यूटी नव्हती, हे ती सांगणारच होती. तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसून ती परत आली तेव्हा भाऊ वर्तमानपत्र वाचत होते. मनातल्या मनात. तीन आठवड्यांत प्रथमच घरात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सुमती थोडा वेळ तो ऐकत उभी राहिली आणि ड्यूटीचं सांगायचं तिने राहू दिलं.

"कोणाला दिलंस?" भाऊंनी हळूच विचारलं.

"मत गुप्त असतं, भाऊ."

भाऊ समाधानाने हसले. नवऱ्याच्या धाकाने सून बोलत नाही, म्हणजे मत आपलंच, असा त्यांनी हिशेब केला. दहा मिनिटांनी दाढी करता करता त्र्यंबकने तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर ऐकलं आणि सासऱ्याच्या धाकाचा तोच हिशेब केला. त्या दिवसापासून भाऊ आपली कपबशी स्वतः मोरीत नेऊन ठेवू लागले. त्र्यंबकने न सांगता मेथी आणली, आणि ती निवडलीही.

खरं कळलं ते फक्त शेवंतीला. ती शुक्रवारी संध्याकाळी दारावर मासळी घेऊन यायची आणि मागच्याच चाळीत राहायची.

"बोट कालं कशानं गो? काल्या शाईचं माकूल साफ केलंस का?"

"कॉलेजात औषध सांडलं. घरच्यांना वाटतंय, मी मत देऊन आले."

"मंग सांगत का नाय?"

"घरात शांतता आहे गं."

शेवंतीने आत डोकावून पाहिलं. त्र्यंबक मेथी निवडत होता. तिने पातेल्यात दोन बोंबील जास्तीचे टाकले.

त्या शांततेत शनिवारी सुमतीने सगळे जाहीरनामे वाचले. रविवारी दुपारी रद्दीत तिला एक पिवळट पत्रक सापडलं. कल्याणजवळच्या मोहन्याचे कोणी काळुराम मास्तर अपक्ष उभे होते, चिन्ह शिवणयंत्र. पत्रकात दोन रकाने होते. खासदाराला जे करता येतं, त्याचे पाच मुद्दे. जे करता येत नाही, त्याचे अकरा, त्यांत नळाचं पाणी आणि गटारं. त्यासाठी नगरसेवकाकडे जावं, असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: 'मी निवडून येण्याची शक्यता फार कमी आहे, कारण ही पत्रकं दोन हजारच छापली आहेत.'

सुमतीने पत्रक दोनदा वाचलं. त्यावर लाल पेन्सिलीची एकही फुली नव्हती. भाऊंनी ते वाचलेलंच नसावं, असा निष्कर्ष तिने काढला. मग तिने स्वतःचं मत ठरवलं. ठरलं तेव्हा तिला सूक्ष्मदर्शकात प्रथम काही स्पष्ट दिसल्यासारखं वाटलं. पत्रकाची घडी घालताना तिचं लक्ष बोटाकडे गेलं.

साबण, लिंबू, वज्री, सगळं झालं. बोट लाल झालं, पण काळंही राहिलं. हा डाग कशाने जातो हे तिला ठाऊक होतं. ते ज्या कपाटात होतं त्याला बाहेरच्या परीक्षकांनी सील लावलं होतं, आणि ते मंगळवारी उघडणार होतं. नाहीतर डाग कातडीबरोबर जाणार होता, आठ-दहा दिवसांत.

सोमवारी दुपारी दोन वाजता ती शाळेतल्या मतदान केंद्रावर गेली. त्र्यंबक त्या वेळी ऑफिसात होता. भाऊ मात्र खोलीतच, आपल्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बाकावर बसले होते. तीस वर्षं ते ह्याच बाकावर बसत. शेजारी त्र्यंबकच्या पक्षाचा दामाजी होता. शाई लावणाऱ्या बाईंनी सुमतीचा हात धरला आणि तसाच वर उचलला.

"साहेब, ह्यांचं झालंय आधीच."

केंद्राध्यक्ष उठून आले. सुमती म्हणाली, "हे सिल्व्हर नायट्रेट आहे. मी रसायनशास्त्र शिकवते."

"आणि आमच्या बाटलीत काय असतं?"

सुमतीला खरं बोलायची सवय होती. "सिल्व्हर नायट्रेट."

केंद्राध्यक्षांनी चष्मा काढला. हा शाई लावल्याचा डाग नाही, अपघाताचा आहे, हे लिहून कसं घ्यायचं, ह्याचा ते विचार करत होते. तेवढ्यात भाऊ उभे राहिले.

"माझी हरकत आहे. मतदार माझी सून आहे, म्हणून मी गप्प बसणं योग्य नाही. तिचं मत झालेलं आहे. शुक्रवारी मी स्वतः ते बोट पाहिलं."

केंद्राध्यक्ष लिहिता लिहिता थांबले. "शुक्रवारी?"

"शुक्रवारी. सकाळी सात वाजता. तारीख, वेळ सगळं लिहा."

"आजोबा, मतदान आज सुरू झालं."

भाऊंनी टपाली मतदानाचा मुद्दा काढला. केंद्राध्यक्षांनी यादी पाहिली. टपालाने मत देणाऱ्यांच्या नावापुढे खूण होती, सुमतीच्या नावापुढे नव्हती. "आणि टपालवाल्यांच्या बोटाला शाई लावायला आम्ही घरी जात नाही," ते म्हणाले.

रांगेत मागे शेवंती होती. तिची पाटी बाहेर उन्हात होती आणि तिला घाई होती.

"औषध सांडलं तिच्या बोटावर. मना शुक्रवारीच बोलली ती. लावा शाई नि सोरा तिला, माजी कोलंबी तापते भायेर."

भाऊंनी शेवंतीकडे पाहिलं, मग सुमतीकडे. हजारभर विद्यार्थ्यांची उत्तरं तपासलेल्या माणसाला आपलं उत्तर चुकल्याचं कळायला वेळ लागला नाही.

दामाजीने तोवर वेगळाच विचार केला होता. भाऊ अडवतायत, म्हणजे सून आपल्या बाजूची. "आमची काय हरकत नाय," तो म्हणाला. "उलट मी म्हणतो, बाईंना देऊ द्या."

भाऊ हळूहळू खाली बसले. मत अजून पडायचं होतं. "माझीही हरकत नाही," ते म्हणाले.

केंद्राध्यक्षांनी शेजारच्या, मधल्या बोटावर शाई लावायला सांगितली. पडद्याआड सुमतीने कागद उघडला. शिवणयंत्र चौदावं होतं. तिने शिक्का उमटवला, तो वाळेपर्यंत थांबली आणि मगच घडी घातली.

संध्याकाळी तिने चहा आणला तेव्हा कपाला दोन काळी बोटं होती. दामाजीकडून त्र्यंबकला सगळं कळलं होतं. बापलेकांनी बोटांकडे पाहिलं. दोघांचाही चेहरा जिंकल्यासारखा होता. त्र्यंबकने फ्रिजवरचे स्टिकर खरवडून काढले. भाऊंनी दार धरलं.

निकालाचं वर्तमानपत्र आलं तोवर बोटांची कातडी स्वच्छ झाली होती, काळं फक्त नखांवर उरलं होतं. भाऊंनी सगळ्या उमेदवारांची मतं मोठ्याने वाचून दाखवली, अगदी तळापर्यंत.

"काळुराम मास्तर, सहाशे बारा."

"सहाशे बारा," त्र्यंबक हसला. "कोण देतं असल्यांना? आपल्या घरातलं तरी त्यात नाही, नशीब."

भाऊंनी नुसतं "हं" केलं. सुमती पोळ्या लाटत राहिली.

दुपारी भाऊ झोपल्यावर तिने वर्तमानपत्र रद्दीत ठेवायला उचललं. निकालाच्या पानावर नेहमीसारख्या फुल्या होत्या. भाऊंच्या पक्षाच्या आकड्यावर एक, त्र्यंबकच्या पक्षाच्या आकड्यावर एक. अगदी तळाला, सहाशे बाराच्या खाली, लाल पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण केलेली होती.