हलक्या मुठीची गाडी

"विकायची म्हणजे विकायची! संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय, मुकाट्याने किल्ली दे!" आमचे हे ओरडत होते. त्यांच्या टकलावरून टोफूचा एक ओघळ कानापर्यंत आला होता, त्यामुळे मला मनासारखं भांडता येत नव्हतं. (टोफू माझाच. बाळाच्या गालासारखा मऊ. टकलावर शोभत होता.)

झालं होतं एवढंच, की मी मोटरसायकलवरून टोफू विकायच्या फेरीवर निघाले, दारात मठातले गुरुजी उभे होते, मी रीतसर मान लववली आणि गाडीने उडी मारली. मागची पेटी उघडली. गुरुजी वाचले, मागे उभे असलेले हे नाही वाचले.

"दोष ॲक्सिलरेटरच्या केबलचा आहे," मी म्हटलं. "मूठ हलकी झालीय. नुसती शिंकले तरी पळते."

"मूठ नाही, तुझं डोकं हलकं झालंय, मित्सुए! या वयात बायका गुडघ्यांना तेल लावतात. तू साखळीला लावतेस!"

गाडी आमच्या मुलाची, इसामूची. चिखलातून, ओढ्यातून उड्या मारण्यासाठी बनवलेली, हरणासारखी उंच. तो ओसाकाला गेला आणि मी तिला डांबरी रस्त्यावर टोफू वाहायला लावलं. ती विकली की टोफू शहरातल्या दुकानाची व्हॅन नेणार, आणि मी घरात बसून सोयाबीन निवडत यांचा घसा खाकरणं ऐकणार. त्यापेक्षा मठात जाईन. गाडीवरून.

"दुपारपर्यंत दुरुस्त करते," मी बजावलं.

यंत्रं मला कुणी शिकवली नाहीत. सोयाबीन दळायची चक्की मी एकटीने खोलून जोडली आहे. (दोन स्क्रू उरले. बनवणाऱ्यांनी जास्तीचे घातले असणार.) मुठीजवळचं नट सैल केलं, केबलला ढील दिली, पुन्हा आवळलं. नदीकाठच्या रस्त्यावर चक्कर मारली. चिटपाखरू नव्हतं, आणि गाडी कशी लोण्यातून सुरी फिरावी तशी! मी मिशा नसताना पीळ देत परतले.

"बसा मागे. साक्षीदार म्हणून."

हे बसले. पेटी मांडीवर, डोळे मिटलेले, तोंडात प्रार्थना.

शेजारच्या हात्सुनोबाई त्यांच्या फाटकाशी पाचोळा झाडत होत्या. "काय मित्सुएवहिनी, आज जोडीनं?" म्हणून त्या वाकल्या. मीही वाकले. हेही वाकले, त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठाणकन आदळलं. मी सरळ झाले मात्र, गाडी डरकाळी फोडून कुंपणातून थेट मुळ्यांच्या वाफ्यात! कुणाला खरचटलंही नाही, पण मुळे भुईसपाट झाले आणि टोफू हात्सुनोबाईंच्या झाडूवर जाऊन बसला.

"बघ! बघ!" मातीतून यांचा आवाज आला.

"आणखी थोडी ढील देते केबलला."

"आणखी दिलीस तर केबल ओसाकाला पोचेल!"

हात्सुनोबाईंनी टोफू झटकला, झाडू हँडलसारखा आडवा धरला, वाकल्या आणि सरळ झाल्या. त्यांच्या मुठीत झाडू गर्रकन फिरला. "असं होतंय वहिनी. नमस्कार करून सरळ होताना तुम्ही मूठ धरूनच मागे येता."

हे मुळ्यांतून टुणकन उठले. "म्हणजे केबलचा दोष नाहीच!"

"दोष संस्कारांचा आहे!" मी म्हटलं. (हरायचं तर वरच्या पायरीवरून हरावं.) "मी काय शहरातली आहे, शेजारणीला न वाकता पुढे जायला?"

"मग विकायची!"

"मी वाकणार!"

"विकायची!"

"वाकणार!"

हात्सुनोबाई एक चेपलेला मुळा हातात घेऊन आमच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी ठेवा, वहिनी, फक्त नमस्कार सोडा, तसंही तुमच्यावर वाकायची वेळ येऊ नये म्हणून गाडीचा आवाज आला की सगळं गाव दाराआड लपतं, आज माझ्या मेलीच्या कानात मळ होता म्हणून मी सापडले!"